शांत स्वभावाच्या माणसालाही रक्तदाबाचा विकार होतो

‘जो चिडत नाही, त्याला बीपी होत नाही’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. संतापाच्या क्षणी रक्तदाब खरोखरच वाढतो, त्यामुळे हे पटणे स्वाभाविक आहे. पण राग निवळला की ती वाढही बहुधा ओसरते.

हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन सांभाळणारी अनुकंपी चेतासंस्था मात्र स्वभावावरच अवलंबून नसते. ती सतत अतिसक्रिय राहिली, तर नॉरॲड्रेनॅलिन या तिच्या रसायनामुळे धमन्या आकसतात, हृदय अधिक जोराने धडधडते आणि मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य स्रवून शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. हे बरीच वर्षे चालले की हृदयाची भिंत जाड होऊ शकते. मोठ्याने घोरणाऱ्या काही जणांचा श्वास झोपेत अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि ही संस्था खडबडून जागी होते. एका रात्रीत असे कित्येकदा घडते, तरी सकाळी चहाला बसलेला तो माणूस शांतच दिसतो. लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाचे विकार यांतही असेच घडू शकते.

रक्तदाब वाढलेला आहे का, याची खात्री घरीच करता येते. चहानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकून ५ मिनिटे न बोलता बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मिनिटाच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजावा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर डोके दुखत नसले तरी ती वही डॉक्टरांना दाखवावी. ‘आता मी चिडत नाही’ म्हणून चालू गोळी मनाने बंद करणे सर्वांत घातक आहे.