लाइम रोग

लाइम रोग : ‘बोरेलिया बर्गडोर्फेरी’ या मळसूत्रासारख्या वळणदार जिवाणूमुळे होणारा आणि गोचिडीच्या चाव्यातून माणसाला जडणारा आजार. अमेरिकेचा ईशान्य आणि उत्तर-मध्य भाग, युरोप आणि आशियाचा थंड पट्टा हा त्याचा मुलूख. युरोपात याच कुळातल्या ‘अफझेली’ आणि ‘गारिनी’ या जातीही तो घडवतात. मराठवाडा या पट्ट्यात येत नाही. रोग वाहणाऱ्या ‘इक्झोडिस’ गोचिडीला थंड, ओलसर, पालापाचोळ्याने झाकलेली जंगले लागतात. इथल्या गोठ्यांत आणि माळरानांवर भेटतात त्या मुख्यतः हायलोमा आणि ऱ्हिपिसेफॅलस या प्रकारच्या गोचिडी. त्या रक्त पितात, इतर आजार पसरवतात, पण लाइमच्या वाहक मानल्या जात नाहीत. तरीही इथल्या डॉक्टरला हा रोग माहीत असावा लागतो, कारण तो विमानाने येतो.

नाव पडले ते अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या लाइम या गावावरून. १९७५ च्या सुमारास तिथल्या आणि शेजारच्या गावांतल्या अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. हा योगायोग नव्हे, असा आग्रह काही आयांनी धरला. डॉक्टर ॲलन स्टीअर यांनी तपास केला, आणि पुढे शास्त्रज्ञ विली बर्गडोर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात हे जिवाणू सापडले. १९८२ साली तो शोध प्रसिद्ध झाला.

गोचीड जन्मतः हा जिवाणू घेऊन येत नाही. लहानपणी उंदरासारख्या प्राण्याचे रक्त पिताना तो तिच्यात शिरतो. माणसाला बहुतेक वेळा चावते ती तिची मधल्या अवस्थेतली पिल्ले. ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावा दुखत नाही, त्यामुळे अनेकांना गोचीड लागल्याचे आठवतही नाही. अमेरिकेत या पिल्लांचा जोर मे ते जुलै असतो. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरचे आईवडील न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात नोकरीला असलेल्या मुलांकडे जातात तेही बहुधा याच दिवसांत, इथला उन्हाळा चुकवायला. नातवाबरोबर परसातल्या गवतात बसणे एवढेही पुरते.

लक्षणांत सगळ्यात मोलाचा तो चट्टा. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत, साधारण आठवडाभरात, त्या जागी लालसर डाग उठतो आणि रोज थोडा थोडा पसरत ५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत तो दिसतो. नेमबाजीच्या फळीसारखी वर्तुळे पुस्तकांतल्या चित्रांत असतात. प्रत्यक्षात बरेचदा सगळा डाग एकसारखाच लाल असतो, आणि सावळ्या कातडीवर तो मुक्या मारासारखा काळसर दिसू शकतो. इथे फसगत होते ती नायट्याशी. गोल चट्टा दिसला की मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायची, ही आपल्याकडची सवय. नायटा खाजतो, त्याच्या कडेला कोंडा सुटतो आणि तो आठवड्यांच्या गतीने वाढतो. लाइमचा चट्टा सहसा खाजत नाही, त्यावर कोंडा नसतो आणि दोन-चार दिवसांत नजरेत भरेल इतका फैलावतो. काख, जांघ, गुडघ्यामागची लवण या त्याच्या आवडत्या जागा. सोबत कणकण, अंगदुखी, थकवा.

उपचार न मिळाल्यास जिवाणू रक्तातून दूर जातो. काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते (घरचे म्हणतात, तोंडावरून वारं गेलं), मेंदूच्या आवरणाला सूज येते, हृदयाची विद्युतवहन यंत्रणा अडखळून चक्कर किंवा बेशुद्धी येते. काही महिन्यांनी एखादा मोठा सांधा, बहुधा गुडघा, टम्म फुगतो. सूज मोठी आणि त्या मानाने दुखणे कमी. चिकुनगुन्याची सांधेदुखी मराठवाड्याच्या ओळखीची आहे, पण ती तापाच्या पाठोपाठ येते आणि सहसा दोन्ही बाजूंच्या लहान सांध्यांत बसते.

निदानाची खरी किल्ली प्रवासाचा प्रश्न आहे. बाधित प्रदेशातून आलेल्या माणसाला असा चट्टा असेल तर रक्त न तपासताच उपचार सुरू करतात. पहिल्या काही आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे (जिवाणूविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) तयार झालेली नसतात, त्यामुळे तपासणी ‘निगेटिव्ह’ येऊन उलट दिशाभूल होते. नंतरच्या टप्प्यात दोन पायऱ्यांची तपासणी करतात : आधी एलायझा ही प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी, ती सकारात्मक किंवा संदिग्ध आली तर वेस्टर्न ब्लॉट ही अधिक नेमकी चाचणी किंवा दुसरी एलायझा. प्रतिपिंडे बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे राहतात, म्हणून रोग गेला का हे पाहायला तपासणी पुन्हा करण्यात अर्थ नाही. जन्मात परदेशी न गेलेल्या, केवळ थकवा आणि सांधेदुखी असलेल्या माणसाची ही तपासणी करू नये. अशा ठिकाणी आलेला ‘पॉझिटिव्ह’ बहुधा खोटा असतो.

सुरुवातीच्या टप्प्यात प्रौढांना डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस देतात. गरोदर स्त्रीला त्याऐवजी अमॉक्सिसिलिन, १४ दिवस. सांधा धरला असेल तर २८ दिवस. मेंदूच्या किंवा हृदयाच्या गंभीर त्रासात शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन. पहिल्या दिवशी काहींना थंडी वाजून ताप चढतो. मरणाऱ्या जिवाणूंमुळे तो येतो, त्यासाठी औषध थांबवायचे नाही. उपचारानंतरही थोड्या जणांना काही महिने थकवा राहतो. त्यावर महिनोन्महिने प्रतिजैविके दिल्याने फायदा होत नाही, हे चाचण्यांत दिसले आहे.

इथल्याच गोचिडीचा ताप मात्र वेगळा. ‘गोचीड ताप’ म्हटले की पशुपालकाला आठवतात जनावरांचे थायलेरिया आणि बबेसिया हे रक्तातल्या परजीवींचे आजार. देवणी, लाल कंधारीपेक्षा संकरित गाय त्यांना लवकर बळी पडते. माणसात कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीतून रिकेट्सिया या जिवाणूंचा ताप येतो : जोराचा ताप, डोकेदुखी आणि काही दिवसांत तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ. स्क्रब टायफस हा त्याचाच नातलग, पण तो गोचिडीतून नव्हे तर झुडपांतल्या माइट या सूक्ष्म किड्याच्या अळीतून येतो आणि चाव्याच्या जागी काळी खपली धरतो; २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ होती. मराठवाड्यात गावातच असलेल्या माणसाला ताप, पुरळ आणि गोचीड असे तिन्ही दिसले, तर आधी हे दोन ताप आठवावेत, लाइम नव्हे. या दोन्ही तापांवर डॉक्सीसायक्लिन चालते, मुलांनाही वजनानुसार आणि अहवालाची वाट न पाहता देतात. लाइमवर चालणारे अमॉक्सिसिलिन इथे निरुपयोगी ठरते.

अंगाला चिकटलेली गोचीड रॉकेल ओतून किंवा पेटत्या काडीचा चटका देऊन काढू नये. नखांनी चिरडूही नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत तोंडाशी धरून, न पिरगळता, सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. लाइमचा जिवाणू माणसात उतरायला गोचीड बहुधा ३६ ते ४८ तास चिकटून राहावी लागते. बाधित प्रदेशात इतका वेळ चिकटलेली गोचीड निघाल्यास ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा प्रतिबंधासाठी देतात. १९९८ साली अमेरिकेत एक लसही आली होती. २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली.