ई-रीडर: शाई उत्तम, पण अंगठा कुठे ठेवायचा?

‘डोळ्यांना त्रास होत नाही’ या एका वाक्यावर ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायची यंत्रं, खपतात. वाक्य अर्धंच खरं आहे. प्रकाश पडद्यातून थेट आला की कागदावरून परतून आला, याने डोळ्यांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पडदा आणि भोवतालचा उजेड यांत मोठी तफावत पडली की. मोबाइलचा पडदा स्वतःच उजळतो. म्हणून तो अंधारात डोळ्यांवर येतो आणि उन्हात फिका पडतो. ई-रीडर मुळात आसपासच्या उजेडावर चालतो. भर दुपारी गच्चीत दोन्ही शेजारी शेजारी धरून बघा, मोबाइलमध्ये स्वतःचा चेहरा दिसेल आणि ई-रीडरवर अक्षरं.

ही करामत ई-इंकची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधनातून १९९७ साली निघालेली ही कंपनी पुढे तैवानकडे गेली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात दोन प्रकारचे कण: पांढरे धनभारित, काळे ऋणभारित. पांढरे कण टिटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. विजेचा दाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाशी जातात आणि वीज काढून घेतली तरी तिथेच थांबतात. पान दिसत राहायला वीज लागतच नाही, लागते ती पान उलटायला. मधूनच पडदा काळा-पांढरा लुकलुकतो तोही यामुळेच: आधीच्या पानाचे काही कण मागे रेंगाळून पुसट सावली धरतात, ती झटकायची असते.

बॅटरी ‘दहा आठवडे’ चालते म्हणतात तेव्हा खालची बारीक अक्षरं वाचावीत. अॅमेझॉनच्या २०२१च्या किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरचा हिशेब रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि दिवा मध्यम, असा होता. म्हणजे साधारण ३५ तास. रोज तीन तास वाचणाऱ्याचे बारा दिवसही होत नाहीत. तरी मोबाइलच्या मानाने चंगळच म्हणायची.

दिवा आला २०१२च्या सुमारास. तो पडद्यामागे नसतो. कडेला बारीक एलईडी असतात आणि वरचा पातळ पारदर्शक थर त्यांचा उजेड पानावर पसरवतो. पुढे पिवळसर उजेडाची सोय झाली. तिच्यामागे निळसर उजेडाने झोप उडेल ही भीती आहे आणि त्या भीतीमागे २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक गाजलेला अमेरिकी अभ्यास. रात्री ई-पुस्तक वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागली, असं त्यात दिसलं. पण माणसं होती १२, आणि वाचायला दिला होता पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड! मथळ्यांत मात्र सरसकट ‘ई-रीडर’ बदनाम झाला. मंद ठेवलेल्या ई-इंकच्या दिव्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

डोळ्यांची एवढी चर्चा होते, हाताची होत नाही. कुशीवर पडून वाचताना यंत्र एका हाताने तोलायचं असतं. २०२२चं साधं किंडल १५८ ग्रॅमचं आहे, पण वजनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न अंगठ्याचा. पडद्याभोवतीची चौकट दिसायला अरुंद बरी. मात्र ती अरुंद झाली की अंगठा काचेवर जातो आणि नको तेव्हा पान उलटतं. २०१६च्या किंडल ओअॅसिसने यावर छान तोड काढली होती. एक बाजू जाड, बॅटरीचं वजन तळहाताकडे आणि अंगठ्याखाली पान उलटायची दोन बटणं. ते मॉडेल आता बंद झालं. कोबो या दुसऱ्या कंपनीने काही यंत्रांवर बटणं ठेवली आहेत आणि माझ्या मते एवढ्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. पावसाळ्यात तर नक्कीच: जलरोधक यंत्र भिजून बिघडत नाही, पण काचेवरच्या थेंबाला ते बोट समजतं आणि पानं आपोआप पळू लागतात.

मराठी वाचकाचा आणखी एक हिशेब असतो. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली २०१६च्या डिसेंबरात. २००७च्या पहिल्या किंडलच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके होते. आता ३०० असतात. रोमन अक्षरं जुन्या पडद्यावरही खपून जात. ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ किंवा वेलांटीवरचा रफार आणि अनुस्वार यांना मात्र ते जास्तीचे ठिपके लागतातच. रंगीत ई-इंकमध्ये रंगासाठी वर गाळणी बसवलेली असते. त्यामुळे पान काळवंडतं आणि रंगीत मजकूर १५० ठिपक्यांवर येतो. निव्वळ कादंबऱ्या वाचायच्या तर रंगाच्या नादी लागू नये. मराठीत ओळींमधलं अंतर एक पायरी वाढवावं, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकत नाहीत. दोन्ही कडा सारख्या करण्याची सोय बंद केलेली बरी, नाहीतर लांबलचक सामासिक शब्द पुढच्या ओळीत ढकलले जातात आणि मागे भगदाडं उरतात.

यातलं काहीही स्कॅन केलेल्या पीडीएफला लागू होत नाही. ते पानाचं चित्र असतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. दहा इंची किंडल स्क्राइबवर असं पान मावतं, पण त्याचं वजन ४३३ ग्रॅम, ते टेबलावर किंवा मांडीवरच ठेवायचं. सहा इंची यंत्रच हाताशी असेल तर ते आडवं करा, कोरे समास कापा आणि अर्धं-अर्धं पान वाचा.