7,000 पीपीएम म्हणजे 17 ग्रॅम नव्हे

मिथेन वायूच्या गळतीवरच्या सादरीकरणात ‘7,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 7,000 भाग मिथेन) म्हणजेच तासाला 17 ग्रॅम’ ही स्लाइड आली की मी हल्ली चहाला उठतो.

हे आकडे युरोपियन युनियनच्या 2024 च्या मिथेन नियमावलीतले. पहिल्या प्रकारच्या तपासणीत गळती 7,000 पीपीएम किंवा तासाला 17 ग्रॅम भरली की दुरुस्ती सक्तीची. मधल्या ‘किंवा’ला लोक बरोबरीचं चिन्ह समजतात. त्याच कलमात दुसऱ्या प्रकारच्या तपासणीत जमिनीवरच्या भागांना 500 पीपीएम किंवा 1 ग्रॅम, जमिनीखालच्यांना 1,000 किंवा 5. आता भागाकार करा : ग्रॅममागे 412, 500 आणि 200. रूपांतराचा दर असता, तर तिन्हीकडे एकच आला असता.

पीपीएम सांगतो की स्निफरच्या, म्हणजे गॅस हुंगणाऱ्या हातातल्या यंत्राच्या, टोकाशी हवेत मिथेन किती दाट आहे. टोक फ्लँजला (पाइपच्या जोडाला) टेकवलं तर एक आकडा, वीतभर मागे घेतलं तर दुसरा, वारा सुटला तर तिसरा, गळती तीच. नाकाशी धरलेल्या उदबत्तीचा वास लांबच्या होळीपेक्षा उग्र येतो, म्हणून उदबत्तीत जास्त लाकूड जळलं असं कुणी म्हणत नाही. किती जळलं ते ग्रॅम सांगतात. तासाला 17 ग्रॅम वर्षभर चालू राहिले तर सुमारे 149 किलो, म्हणजे घरगुती साडेदहा सिलिंडरमधल्या गॅसइतकं वजन.

पीपीएम कुचकामी नाही. बंद स्वयंपाकघरात तोच महत्त्वाचा, कारण हवेत मिथेन 5 टक्के, म्हणजे 50,000 पीपीएम झाला की स्फोटाला ठिणगी पुरते. पण उघड्यावरच्या कंप्रेसर स्टेशनचा (जिथे गॅस दाबून पाइपलाइनमधून पुढे ढकलतात) हवामानावरचा भार मोजायचा तर ग्रॅमच लागतात.

‘पण अमेरिकेच्या ईपीएची (पर्यावरण संरक्षण संस्थेची) समीकरणं पीपीएमवरून ग्रॅम काढतातच की!’ काढतात, पण ती शेकडो व्हॉल्व्हच्या सरासरीवर बेतलेली आहेत. संपूर्ण प्लांटच्या अंदाजाला ठीक. एका व्हॉल्व्हचे ग्रॅम हवे असतील तर त्याच्याभोवती पिशवी बांधून गळणारा गॅस मोजा, किंवा हाय-फ्लो सॅम्पलरने गळणारा सगळा गॅस ओढून मोजा. वेळखाऊ काम आहे, म्हणूनच लोक एक्सेलमध्ये 412 ने भागून मोकळे होतात.