बल्बमध्ये पोकळी? नेहमीच नाही

"बल्बमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून तार जळत नाही," हे आपण शाळेपासून घोकत आलोय. हे अर्धंच खरं. आत प्राणवायू नको, इथवर ठीक. पण साध्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बमध्ये निर्वात पोकळी नसते, आर्गॉन वायू आणि थोडा नायट्रोजन भरलेला असतो.

कारण तार जळून नाही, झिजून तुटते. सुमारे 2500 अंश सेल्सिअसला तापलेल्या तारेतल्या टंगस्टन धातूचे अणू सतत सुटत राहतात आणि काचेवर जाऊन बसतात. बराच वापरलेला बल्ब उजेडात धरून बघा, आतून काळपट दिसेल. ती काजळी नव्हे, तारेचंच टंगस्टन. जिथे तार बारीक होते तिथे ती जास्त तापते, मग आणखी झिजते, आणि एक दिवस फट्!

पोकळीत निसटलेल्या अणूला अडवणारं कोणीच नसतं. वायूत तो रेणूंवर आदळतो आणि बऱ्याचदा माघारी तारेवरच येतो. 1913 च्या सुमारास अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी ही युक्ती प्रत्यक्षात आणली. वायू उष्णताही पळवतो, म्हणून तारेला स्प्रिंगसारखं घट्ट वेटोळं दिलं. अगदी कमी वॅटच्या बल्बांत मात्र पोकळीच ठेवतात. तिथे हा सौदा परवडत नाही.