हेडफोन ॲम्प घेण्याआधी एवढं वाचा

राम राम मंडळी,

दुकानात येणाऱ्यांचं एक वाक्य आम्हाला आता पाठ झालंय: "भाऊ, कॉम्प्युटरना आवाज दबेल येस, एखादा ॲम्प लाई दे." ॲम्प आम्ही विकतो, तेव्हा लावून द्यायला आमची ना नाही. पण हौसेने नेलेला ॲम्प आठवड्यात परत घेऊन येणारेही असतात. घरी जोडला आणि आधी बारीक असलेली खरखर आता ठणठणीत ऐकू यायला लागली, अशी त्यांची तक्रार. त्यात ॲम्पचा दोष नसतो. त्याच्याकडे जे येतं ते मोठं करणं एवढंच त्याचं काम. गाण्याबरोबर खरखर आली, तर तीही मोठी होणार.

म्हणून ॲम्प मागण्याआधी हेडफोनच्या खोक्यावर ओहमचा आकडा शोधा. हेडफोन विजेला किती अडवतो, त्याचं ते माप. रोजच्या वापरातले बहुतेक हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात. लॅपटॉपच्या जॅकमधून साधारण १ व्होल्ट मिळतो असं धरलं, तर ३२ ओहमच्या हेडफोनला हिशेबाने ३१ मिलिवॅट मिळतात. कान बधिर व्हायला तेवढे पुष्कळ आहेत. अशा हेडफोनला ॲम्प लावणं म्हणजे भरल्या विहिरीत टँकर रिकामा करणं.

खरी गरज पडते ती जास्त ओहमच्या हेडफोनला. धुळ्याचे एक दादा अहिराणी गाण्यांचं मिक्सिंग घरीच करतात. त्यांनी बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घेतला. हे मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतं, आणि दिसायला तिन्ही जवळपास सारखेच. दादांनी २५० चा उचलला. त्याच १ व्होल्टमध्ये त्याला फक्त ४ मिलिवॅट मिळतात. आवाज येतो, पण संबळ-ढोलाचा ठोका पडला की लॅपटॉपचा दम निघतो. २ व्होल्ट देणारा ॲम्प जोडला की मिलिवॅट चारपट, म्हणजे १६ होतात आणि आवाज ६ डेसिबलने चढतो. दादांना आम्ही ॲम्प बिनदिक्कत दिला. ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० असेल, तर तुम्हालाही देऊ.

आता खरखरीचं बोलू, कारण बहुतेकांचं दुखणं तेच असतं.

डेस्कटॉप असेल तर पुढच्या जॅकमधली पिन काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये घाला. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या पोटातून, पंखे आणि ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेतला सगळा गोंगाट गोळा करते. नुसत्या एवढ्याने किती जणांचं काम झालंय! लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. चार्जर काढल्यावर घूंऽऽ थांबली, तर ती विजेकडून येतेय.

आणि वीज म्हटलं की अर्थिंग आलंच. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, असं सांगणारे उन्हाळ्यात वाढतात. आपली तापीकाठची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा मातीशी नीट संपर्क राहत नाही. खड्ड्यात पाणी सोडून पाहा आणि वायरमनकडून तपासून घ्या. काही जण आवाज थांबावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच कापून टाकतात. हे मात्र अजिबात करू नका. घूं थांबेलही, पण जीव धोक्यात जाईल.

एवढं करूनही खरखर राहिली, तर ती कॉम्प्युटरच्या आतल्या साउंड चिपच्या आसपास तयार होतेय. तिथे उपाय नुसत्या ॲम्पचा नाही, डॅकचा. डॅक यूएसबीतून गाण्याचे आकडे जसेच्या तसे घेतो आणि त्यांचा आवाज कॅबिनेटच्या बाहेर तयार करतो. मोबाइलच्या टाइप-सी पोर्टला लावतात ती बोटभर वायर, तिच्यातही बहुतेकदा छोटा डॅक असतो. ३२ ओहमच्या हेडफोनला बहुधा तीही पुरते. डॅक आणि ॲम्प एकाच डबीत असलेलं यंत्रही मिळतं. जास्त ओहमचा हेडफोन आणि खरखर, दोन्ही असतील तर तेच घ्या.

ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोनवाल्यांनी मात्र हा सगळा हिशेब सोडून द्या. त्यांचा डॅक आणि ॲम्प हेडफोनच्या आतच असतो. मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, कारण माइक चालू होताच हेडफोन बोलण्याच्या मोडमध्ये जातो. सेटिंगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज परत येईल. फुकटात.

ॲम्प घेतलाच आणि तो हेडफोनच्या जॅकला जोडला, तर कॉम्प्युटरचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पच्या बटणाने करा. उलटं केलं की गाण्यामागचा सूंऽऽ आवाज वाढतो.

दुकानात ऐकून पाहताना एक गोष्ट आम्ही मुद्दाम करतो: ॲम्पसकट आणि ॲम्पशिवाय, दोन्ही वेळा आवाज सारखाच ठेवतो. कारण थोडा मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो. कानाची ही खोड ओळखून कुणी तुमच्या खिशातून पैसे काढू शकतं. आम्हीही काढू शकलो असतो.

आणि ॲम्प आला म्हणून कान पणाला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, एवढी मर्यादा सांगितली आहे. पोरांसाठी तर ती त्याहून कमी आहे.

येताना हेडफोन, लॅपटॉप आणि चार्जर, तिन्ही आणा. तपासायला पैसे लागत नाहीत. फक्त मे महिन्यात भर दुपारी येऊ नका. तेव्हा आमचा कूलर इतका घरघरतो की त्याच्यासमोर साधा हेडफोन आणि भारीतला, दोन्ही सारखेच वाटतात.