किलर ऑफ शीप

चार्ल्स बर्नेट यांचा कृष्णधवल अमेरिकी चित्रपट (१९७८). लॉस एंजेलिसमधील वॉट्स ही कृष्णवर्णीय कामगारांची वस्ती. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या १९६५ च्या उठावानंतर ती देशभर बातम्यांतून परिचित झाली होती. त्याच वस्तीत वाढलेल्या बर्नेट यांनी यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) येथील पदव्युत्तर पदवीसाठी हा चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन त्यांचेच. चित्रीकरण १६ मिलिमीटर फिल्मवर, बहुतेक शनिवार-रविवारी झाले आणि एकूण खर्च १०,००० डॉलरच्या आत राहिला. पडद्यावर दिसणारी बरीच माणसे आणि मुले त्या वस्तीतलीच आहेत.

स्टॅन (हेन्री गेल सँडर्स) कत्तलखान्यात मेंढ्या कापण्याचे काम करतो. रात्री त्याला झोप लागत नाही, आणि बायकोशी (केसी मूर) दोन शब्द बोलण्याचेही त्राण उरलेले नसते. सांगण्यासारखे कथानक एवढेच. बाकी सारे प्रसंग. पोरे एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात. स्टॅनची लहान मुलगी कुत्र्याचा मुखवटा घालून हिंडते. स्टॅन आणि त्याचा मित्र पैसे मोजून गाडीचे जुने इंजिन विकत घेतात, धापा टाकत जिन्यावरून उतरवतात, ट्रकच्या मागच्या कडेला टेकवतात. ट्रक चढावर सुरू होताच ते घसरून रस्त्यावर पडते आणि निकामी होते. दोघे क्षणभर पाहतात आणि ते तिथेच टाकून निघून जातात. कष्टाचा पैसा असा डोळ्यांदेखत मातीमोल होताना बर्नेट ना आक्रोश दाखवतात, ना भाषण देतात. चित्रपटाचे सगळे सामर्थ्य या संयमात आहे.

त्या दशकात कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी हॉलिवूडमध्ये बंदुका, गुंड आणि गुप्तहेर यांचे चित्रपट निघत होते. यूसीएलएमधील हेले गेरिमा, जूली डॅश, बिली वुडबेरी आदी तरुणांनी वेगळी वाट धरली. हा गट पुढे ‘एल.ए. रिबेलियन’ (लॉस एंजेलिसचे बंड) या नावाने ओळखला गेला. बर्नेट यांचा चित्रपट इटालियन नववास्तववादाशी (सामान्य माणसांचे जगणे खऱ्या जागी टिपणाऱ्या चित्रपटांशी) नाते सांगतो, पण त्यातले संगीत बहुतांशी कृष्णवर्णीय अमेरिकेचे आहे : पॉल रोबसन, लुई आर्मस्ट्राँग, डायना वॉशिंग्टन या गायकांचे. ‘धिस बिटर अर्थ’ या गाण्यावर नवरा-बायको खिडकीपाशी संथ नाचतात. गाणे संपते, स्टॅन बाजूला होतो आणि ती एकटी उरते. दांपत्यातला दुरावा इतक्या कमी साधनांत क्वचितच कुणी दाखवला असेल.

याच गाण्यांनी चित्रपटाची वाट अडवली. त्यांचे हक्क घेतलेले नसल्याने तो चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही. १९८१ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत समावेश झाला, तरी तो पाहायला मिळे तो मोजक्या महोत्सवांत आणि विद्यापीठांत, झिजलेल्या प्रतींवरून. यूसीएलएच्या अभिलेखागाराने प्रत दुरुस्त करून ३५ मिलिमीटरवर आणली, हक्कांसाठी सुमारे १,५०,००० डॉलर मोजले गेले आणि २००७ मध्ये माइलस्टोन फिल्म्स या वितरण संस्थेने तो प्रदर्शित केला. डायना वॉशिंग्टन यांच्या ‘अनफर्गेटेबल’चे हक्क मात्र तेव्हा मिळाले नव्हते. २०२५ च्या नव्या ४के (अतिस्पष्ट डिजिटल) प्रतीत ते गाणे परत आले आहे.