फॅसिस्ट (राजकीय विशेषण)

फॅसिस्ट : मूळ अर्थाने, बेनीतो मुसोलिनीच्या नेतृत्वाखाली १९१९ नंतर इटलीत उभ्या राहिलेल्या चळवळीचा, पक्षाचा वा राजवटीचा अनुयायी, विस्ताराने तत्सम चळवळींचा अनुयायी, आणि सैल वापरात, बोलणाऱ्याला न आवडणारा कोणताही अधिकारी मनुष्य. प्रस्तुत नोंद मुख्यतः या तिसऱ्या वापराविषयी आहे. तीत बडोद्याचा निर्देश येतो तो मुख्यतः आणीबाणीतील ‘बडोदा डायनामाइट खटल्या’मुळे.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘फास्किस’ म्हणजे जुडी किंवा मोळी. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यापुढे चालणारे ‘लिक्तोर’ हे सेवक चामड्याच्या वादीने आवळलेली काठ्यांची मोळी खांद्यावर वाहत. तीत कुऱ्हाड खोचलेली असे. कॉन्सल या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे असे बारा सेवक असत. शहराच्या हद्दीत मोळीतली कुऱ्हाड काढून ठेवण्याचा दंडक होता. ही चाल रोमनांनी आपल्या उत्तरेकडील एत्रुस्कन लोकांकडून उचलली, असे जुने लेखक सांगतात. पहिल्या शतकातील कवी सिलियस इतालिकस तर तिचे श्रेय नावानिशी वेतुलोनिया या एत्रुस्कन गावाला देतो. कवीची अतिशयोक्ती म्हणून हे विधान बाजूला पडले असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच गावच्या एका थडग्यात लोखंडी काड्यांची, दुधारी कुऱ्हाड असलेली लहानशी मोळी सापडली. तिचा काळ साधारणतः इ. स. पू. सातवे शतक धरतात. एका वस्तूवरून प्रथेचे उगमस्थान ठरवणे धाडसाचे आहे. तरी एत्रुस्कन उगमाकडे अभ्यासकांचा कल आहे, आणि तो योग्य दिसतो.

हे चिन्ह मुसोलिनीच्या मालकीचे मात्र नव्हे. वॉशिंग्टनमधील लिंकनच्या पुतळ्याचे हात अशाच मोळ्यांवर टेकलेले आहेत. भांडखोर मुलांपुढे काठ्यांची मोळी टाकणारा म्हातारा मराठी शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. ‘एकीचे बळ’ हाच त्या चिन्हाचा सोपा अर्थ.

इटालियनमध्ये ‘फाशो’ हे एकवचन, ‘फाशी’ हे अनेकवचन. अर्थ मोळी, आणि त्यावरून संघटित गट. १८९०च्या दशकारंभी सिसिलीत शेतकरी-मजुरांचे असे ‘फाशी’ निघाले. ते समाजवादाकडे झुकलेले होते आणि १८९४ मध्ये सरकारने ते मोडून काढले. म्हणजे शब्द आधी डाव्यांच्या तोंडी होता. मराठीतील ‘फाशी’ संस्कृत ‘पाश’वरून आलेली, दोहोंचा संबंध नाही. हे सांगावे लागते, कारण हिंदी-गुजराती वर्तमानपत्रांत ‘फासीवाद’ असे छापतात, आणि सकाळी गुजराती पेपर वाचणाऱ्या बडोद्याच्या मराठी वाचकाला त्यात गळफास दिसला तर दोष त्याचा नाही. मराठीत फॅसिझम, फॅशिझम, फॅसिस्टवाद ही रूपे चालतात. मूळ उच्चाराला ‘श’ जवळचा. तरी रूढी ‘स’ची.

चळवळ : २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये स्थापना, १९२१ मध्ये पक्ष, ऑक्टोबर १९२२ मध्ये सत्ता, जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून, १९२५ पासून उघड हुकूमशाही. १९३२ साली इटालियन विश्वकोशात आलेली फॅसिझमवरील नोंद मुसोलिनीच्या नावाची असून तिचा तात्त्विक भाग तत्त्वज्ञ जोव्हान्नी जेंतीले याने लिहिल्याचे सर्वसाधारणपणे मानतात. जेंतीले त्या कोशाचा संचालकही होता. नोंदीच्या विषयालाच लेखणी देणारा असा कोश विरळा.

व्याख्येचा वाद : कम्युनिस्ट इंटरनॅशनल या मॉस्कोस्थित जागतिक संघटनेने १९३३ मध्ये फॅसिझमला वित्तभांडवलातील (बँका व उद्योग यांच्या एकवटलेल्या भांडवलातील) सर्वांत प्रतिगामी घटकांची उघड दहशतवादी हुकूमशाही म्हटले, १९३५ मध्ये संघटनेचा नेता दिमित्रोव्ह याने तीच व्याख्या पुढे मांडली. तीत अर्थकारण आहे, पण लोक आपण होऊन मिरवणुकीत का आले याचे उत्तर नाही. पुढच्या इतिहासकारांपैकी स्टॅन्ली पेन याने उदारमतवाद, साम्यवाद आणि सनातनी उजवेपणा या तिहींच्या नकारावर भर दिला. रॉजर ग्रिफिन राष्ट्राच्या पुनर्जन्माची मिथ्यकथा हा गाभा मानतो. रॉबर्ट पॅक्स्टन घोषणांपेक्षा कृती पाहतो : चळवळ उभी कशी राहते, प्रस्थापितांशी हातमिळवणी करून सत्तेत कशी येते आणि पुढे काय करते, अशा टप्प्यांनी तो जातो. प्रत्यक्ष उदाहरण तपासायचे तर ही शेवटची वाट अधिक उपयोगी पडते.

या कसोट्यांवर केवळ सत्ता एका हाती असणे पुरत नाही. तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या बडोदे संस्थानात अंतिम शब्द महाराजांचाच होता. त्यांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले, तेही हुकमानेच. पण तेथे गणवेशधारी जनपक्ष नव्हता, रस्त्यावरची टोळी नव्हती. ही राजेशाही झाली. तिला दुसरे नाव शोधण्याचे कारण नाही. लष्करी हुकूमशाहीचेही बहुधा असेच.

लेबल म्हणून वापर : शब्द सुरुवातीपासून शिवी नव्हता. १९२०च्या दशकात ‘केसरी’त मुसोलिनीच्या इटलीविषयी कौतुकाने लिहिले जाई, आणि हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये त्याची भेट घेतली. दुरुपयोगाचे मोठे उदाहरण मात्र डाव्यांकडचे आहे. १९२८ नंतर कम्युनिस्ट इंटरनॅशनलने सोशल डेमोक्रॅटांनाच, म्हणजे निवडणुकीच्या मार्गाने जाणाऱ्या समाजवाद्यांनाच, ‘सोशल फॅसिस्ट’ ठरवले. जर्मनीत हे दोन्ही पक्ष एकमेकांशी झुंजत राहिले. १९३३ मध्ये हिटलरने दोघांनाही तुरुंगात टाकले. भारतात १९४२ मध्ये महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणणाऱ्या कम्युनिस्टांनी ‘छोडो भारत’ चळवळीतल्या काँग्रेस समाजवाद्यांना पंचमस्तंभी, म्हणजे फॅसिस्ट शत्रूचे घरभेदी हस्तक, म्हटले.

आणीबाणी आणि बडोदे : १९७५ मध्ये हा शब्द दोन्ही तोंडांनी बोलला गेला. जयप्रकाश नारायणांचे आंदोलन फॅसिस्ट आहे, असे सत्ताधारी आणि त्यांना पाठिंबा देणारा भारतीय कम्युनिस्ट पक्ष म्हणत. डिसेंबर १९७५ मध्ये पाटण्यात फॅसिझमविरोधी परिषदही भरली. तुरुंगातले विरोधक तेच विशेषण सरकारला लावत. गुजरातेत जून १९७५ ते मार्च १९७६ जनता मोर्चा या विरोधी आघाडीचे बाबूभाई पटेल सरकार असल्याने भूमिगतांना तेथे काहीसा आडोसा होता. भूमिगत समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस बडोद्यास आले ते याच काळात. शहराजवळ हालोलकडे दगडखाणी आहेत, खाणीत सुरुंगाच्या कांड्या लागतात. खटल्याच्या नावातला ‘डायनामाइट’ तिथला. फर्नांडिस १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात पकडले गेले. आरोप होता सरकारविरुद्ध स्फोट घडवण्याच्या कटाचा. आरोपी पंचवीस होते, त्यांत बडोद्याचे पत्रकारही. नाव ‘बडोदा डायनामाइट खटला’, सुनावणी मात्र दिल्लीत. बेड्या घातलेला हात उंचावलेले फर्नांडिस यांचे छायाचित्र त्याच वेळचे. १९७७ च्या सत्तांतरानंतर खटला मागे घेण्यात आला.

वरील कसोट्यांवर दोन्ही आरोप अपुरे ठरतात. नागरी स्वातंत्र्यावर घाला पडला होता, पण राष्ट्राच्या पुनर्जन्माचा पंथ उभा राहिला नाही आणि १९७७ ची निवडणूक हरल्यावर सरकार पायउतार झाले. आंदोलनात तर हाच गाभा सर्व गटांना समान असा नव्हताच.

बोलीतील वापर : या अर्थछटेसाठी मराठीत झोटिंगशाही, मोगलाई, दंडेली, अरेरावी असे शब्द आधीपासून आहेत. बडोद्याच्या मराठीत गुजरातीतील ‘जोहुकमी’ आणि ‘सरमुखत्यार’ हेही ऐकू येतात. दांडिया बाजाराच्या बाजूच्या जुन्या घरांत दिवाणखान्यात झोपाळा असतो. रात्री दहानंतर त्याच्या कड्या कुरकुरल्या तर दंड, अशी चिठ्ठी जिन्यात लावणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आजोबा ‘सरमुखत्यार’ म्हणतात, नातू ‘फॅसिस्ट’. दोघांचा अर्थ एकच असतो, आणि आजोबांचा शब्द अधिक नेमका.